फाईन म्हणजे नक्की काय?

इंग्रजीतला फाईन हा शब्द समजून घ्यायला आधी लंडनमधल्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये जाऊ, ही सोनारांच्या जुन्या संघाची इमारत. 1300 साली राजा पहिल्या एडवर्डने कायदा केला, चांदीचं भांडं तपासून त्यावर बिबट्याच्या तोंडाचा छाप बसल्याशिवाय ते बाहेर जायचं नाही, आणि पुढे तो छाप मारून घ्यायला माल या हॉलमध्ये आणावा लागायला लागला म्हणून हॉलमार्क. आता या सोनारांच्या धंद्यात फाईन म्हणजे छानबिन काही नाही, फाईन म्हणजे शुद्ध, तेसुद्धा आकडा लावून. स्टर्लिंग चांदी 925 फाईन, म्हणजे हजार भागांत 925 चांदी, उरलेलं बहुतेक वेळा तांबं. आपल्याकडे दागिन्यावर 916 असतं ना, 22 कॅरेटचं, तोच हिशोब.

शब्दाचं मूळ लॅटिन. फिनिस, म्हणजे शेवट, हद्द. फ्रेंचमधून इंग्रजीत येईपर्यंत अर्थ झाला टोकाला नेलेलं, याच्यापुढे काही करायला जागाच नाही असं. मग गाळून गाळून शुद्ध केलेलं फाईन, आणि त्याच ओघात बारीक दळलेलं, पातळ कातलेलं पण फाईन. करारातली फाईन प्रिंट ती हीच, बारीक अक्षरांची, जी कोण वाचतं सांगा.

दंडाचा फाईन विशेषण नाही, पण घराणं तेच. पैसे भरले, प्रकरण मिटलं.

मला मात्र सगळ्यात भारी वाटतो तो क्रिकेटमधला फाईन लेग, फिल्डरची एक जागा. तिथे उभा असलेला माणूस बारीक असतोच असं नाही, बरेचदा नुकतीच ओव्हर टाकून आलेला धिप्पाड फास्ट बोलर असतो, दम खात उभा. इथे फाईन म्हणजे कोन अरुंद. दोन्हीकडच्या स्टंपांमधून एक सरळ रेघ मागे बाउंड्रीपर्यंत ओढा, विकेटकीपरच्या मागे तिच्या जितकं जवळ तितकं फाईन, लांब सरकलात की स्क्वेअर. कॅप्टन लांबून हातानेच खुणावतो, अजून थोडा फाईन हो, आणि तो बिचारा दोन पावलं सरकतो.

ब्रिटनमध्ये फाईन डे म्हणजे बहुतेक वेळा एवढंच की आज पाऊस नाही. आणि आय ॲम फाईन तर त्याहून घसरलंय, बरं चाललंय, एवढंच. हॉटेलात वेटरने अजून कॉफी देऊ का विचारल्यावर कोणी आय ॲम फाईन म्हटलं तर त्याचा अर्थ सरळ नको असा असतो, तब्येतीचा काही संबंध नाही.