गावाचा पैसा, राज्याचा वाटा

मित्रहो, सरकारनं आरोग्यासाठी किती पैसा दिला याची बातमी होते. तो कोणत्या सूत्रानं वाटला, हे मात्र क्वचितच कुणी वाचतं. गावातल्या बाईला बाळंतपणासाठी किती लांब जावं लागणार, हे ठरतं त्या सूत्रावर. म्हणून आज मी अमेरिकेतल्या एका ताज्या वाटपाबद्दल बोलणार आहे.

4 जुलै 2025 रोजी तिथे कर आणि खर्चाचा एक मोठा कायदा झाला. त्यात ग्रामीण आरोग्यासाठी 5,000 कोटी डॉलर ठेवले आहेत. 2026 ते 2030 ही पाच आर्थिक वर्षं, दर वर्षी 1,000 कोटी. राज्यांनी आराखडा करून अर्ज करायचा, मेडिकेअर आणि मेडिकेड हे सरकारी आरोग्यविमे चालवणारी केंद्रीय यंत्रणा तो तपासणार आणि पैसा राज्य सरकारकडे जाणार. डिसेंबर 2025च्या अखेरीस पन्नासही राज्यांचे पहिल्या वर्षाचे आकडे जाहीर झाले. सर्वांत जास्त टेक्सासला, सुमारे 28 कोटी डॉलर. सर्वांत कमी न्यू जर्सीला, साधारण 14.7 कोटी.

आता सूत्र पाहा. निम्मी रक्कम सगळ्या राज्यांना सारखी. म्हणजे वर्षाला 500 कोटी, भागिले पन्नास, प्रत्येकाला 10 कोटी. 2020च्या जनगणनेनुसार टेक्सासच्या ग्रामीण भागात सुमारे 47 लाख लोक राहतात, ऱ्होड आयलंडमध्ये जेमतेम एक लाख. या निम्म्या रकमेतून टेक्सासच्या गावकऱ्याच्या वाट्याला वर्षाला 21 डॉलर येतात, ऱ्होड आयलंडच्या गावकऱ्याच्या वाट्याला जवळपास हजार. अलास्कात माणसं थोडी आणि अंतरं प्रचंड, तिथे दरडोई जास्त खर्च होणारच, हे मला मान्य आहे. पण ऱ्होड आयलंड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोटारीनं तासाभरात संपतं. तिथलं अंतर आणि पश्चिम टेक्सासमधलं अंतर एका मापानं कसं मोजायचं?

असं सूत्र का आलं, तेही समजून घ्यायला हवं. सेनेटमध्ये लहानमोठ्या प्रत्येक राज्याचे दोनच सदस्य असतात. या कायद्यावर तिथे 50-50 मतं पडली आणि उपाध्यक्षांच्या मतानं तो मंजूर झाला. ग्रामीण निधीची रक्कम तर अगदी शेवटच्या टप्प्यात 2,500 कोटींवरून 5,000 कोटींवर नेली गेली. एकेका मतासाठी इतकी ओढाताण असताना सर्वांना सारखा वाटा देणं राजकारणाला सोयीचं होतं.

हाच हिशोब आपल्या ओळखीच्या आणखी एका ठिकाणी दिसतो. भारतातून शिकायला गेलेल्या अनेक डॉक्टरांना प्रशिक्षण संपल्यावर मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट मिळते, ती डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम करण्याच्या बोलीवर. त्यात आपली मराठी मुलंमुलीही आहेत. कॉनरॅड योजनेखाली अशी शिफारस करायला प्रत्येक राज्याला वर्षाला 30 जागा मिळतात. टेक्सासलाही 30, व्हरमाँटलाही 30. डॉक्टरांची गरज राज्यांच्या संख्येवर मोजली जाते, रुग्णांच्या नाही.

उरलेल्या निम्म्या रकमेला गुण लावले आहेत. ग्रामीण लोकसंख्या, दवाखान्यांची स्थिती, राज्याचं क्षेत्रफळ, हे सगळं त्यात आहे आणि ते योग्यच आहे. पण फूड स्टॅम्पवर, म्हणजे गरिबांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीवर, गोड पेयं घ्यायला राज्यानं बंदी घातली का, शाळांत राष्ट्राध्यक्षांच्या नावाची व्यायाम चाचणी पुन्हा सुरू केली का, यांनाही गुण आहेत. कबूल केलेला कायदा राज्यानं मुदतीत केला नाही, तर त्यापोटी मिळालेला पैसा परत घेतला जाऊ शकतो. मला हे मनापासून खटकतं. विधिमंडळात एक विधेयक अडलं, म्हणून दूरच्या कौंटीतल्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्यातल्या, मधुमेहाच्या रुग्णानं काय म्हणून सोसायचं?

याच देशानं पूर्वी वेगळं करून दाखवलं आहे. 1946च्या हिल-बर्टन कायद्यानं रुग्णालयं बांधायला राज्यांना पैसा दिला, तेव्हा लोकसंख्येबरोबर दरडोई उत्पन्नही धरलं आणि गरीब राज्यांना माणशी जास्त वाटा दिला. दक्षिणेतल्या कितीतरी गावांत त्यातून रुग्णालयं उभी राहिली. त्या कायद्यात एक मोठा कलंकही होता. वर्णभेदानुसार वेगळ्या सोयी चालवायला त्यात मुभा होती आणि ती न्यायालयानं 1963 साली रद्द ठरवली. तरीही वाटपाचं तत्त्व बरोबर होतं, जिथे कमी तिथे जास्त.

आणखी एक गोष्ट याहून गंभीर आहे. याच कायद्यानं गरिबांच्या विम्याला, म्हणजे मेडिकेडला, मोठी कात्री लावली आहे. केएफएफ या आरोग्यधोरण संस्थेच्या अंदाजानुसार ग्रामीण भागात येणारा मेडिकेडचा केंद्रीय पैसा दहा वर्षांत 13,700 कोटी डॉलरनं घटेल. त्यासमोर 5,000 कोटी ठेवून पाहा. आणि हा नवा पैसा प्रकारानंही वेगळा आहे. मेडिकेड प्रत्येक रुग्णामागे बिल भरतं. नव्या निधीतून मात्र रुग्णसेवेचे थेट पैसे द्यायला राज्याला जास्तीत जास्त 15 टक्के वापरता येतात. ग्रामीण अमेरिकेत जवळपास निम्म्या बाळंतपणांचा खर्च मेडिकेड उचलतं. महिन्याला दहा बाळंतपणं होवोत की दोन, प्रसूतिकक्षात नर्स आणि भूल देणारं माणूस चोवीस तास हवंच. हा पगार दर महिन्याला द्यावा लागतो, पाच वर्षांच्या अनुदानानंतरही. म्हणून पैसा आटला की लहान रुग्णालयात बहुतेक वेळा आधी प्रसूतिकक्ष बंद होतो.

आपल्याकडे राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्र 60 आणि महाराष्ट्र 40 टक्के भार उचलतो. पैसा वेळेवर खाली न पोचण्याचं दुखणं आपल्याला चांगलं ठाऊक आहे. पण एक नियम आपण नीट केला. सपाटीवर 30,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर डोंगरी आणि आदिवासी भागात 20,000 मागे. मेळघाटात डोकी मोजून भागत नाही, हे त्या नियमानं मान्य केलं आहे. तो तिथे पुरता अमलात येत नाही, ही खंत आहेच.

अमेरिकेतल्या राज्यांकडे आता पैसा आला आहे. कोणत्या कौंटीला किती दिला आणि कोणत्या रुग्णालयात त्यातून नेमकं काय सुरू राहिलं, याची यादी त्यांनी दर वर्षी लोकांसमोर ठेवावी. ही मागणी तिथल्या मराठी मंडळींनीही आपापल्या राज्यात करावी, कारण त्यांच्यातले कितीतरी डॉक्टर याच रुग्णालयांत रात्रपाळी करत आहेत.