नंदादीप आणि 212 रेघा

[शहापुरातली गल्ली, पाऊस. माडीवर दिवा.]

बेळगावातलं शहापूर, रविवारची दुपार. माडीवर पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला बसलेत, म्हणजे पात्रं होऊन, फासे टाकत गोष्ट रचण्याचा खेळ. नियमांची पुस्तकं इंग्रजीत, खेळ मात्र सगळा मराठीत. "फासा कुठं पडलाय बघ की!"

[मेणबत्ती. ज्योतीभोवती हात.]

खेळातल्या 'कंटिन्युअल फ्लेम' या मंत्राला हे नंदादीप म्हणतात. सोन्याच्या 50 नाण्यांच्या किमतीची माणकाची पूड वापरून एकदा मंत्र म्हटला, की ज्योत तेलाशिवाय तेवत राहते. झाकता येते, विझवता येत नाही. मंत्र मोडणाऱ्या 'डिस्पेल मॅजिक'पुढे तेवढी ती जाते. मूळ नावापेक्षा हे नाव नेमकं आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

[बेळगावचा किल्ला. खंदक, तट.]

मंत्रानं दगडी भिंत उभी करायची, तर मांत्रिकाला लक्ष धरून ठेवावं लागतं. मध्येच मार बसला, तर डी-ट्वेंटी, म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात काटकपणाचे गुण मिळवायचे. बेरीज निदान 10 हवी, किंवा माराच्या निम्मी. जे जास्त असेल ते. 30 चा मार, तर 15. पूर्ण 10 मिनिटं लक्ष टिकलं, की भिंत कायमची. मग ती डिस्पेल मॅजिकनेही मोडत नाही.

[वही. लाल रेघा, पानामागून पान.]

आणि ही वही. 'टेलिपोर्टेशन सर्कल', म्हणजे दूरच्या ठिकाणाहून क्षणात येण्याचं वर्तुळ. ते कायमचं करायचं, तर एकाच जागी, रोज, वर्षभर तोच मंत्र. दर वेळी रत्नं मिसळलेले खडू आणि शाई, 50 नाण्यांची. 365 दिवसांची 18,250 नाणी. खेळाच्या 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत मंत्र टिकवायला 'पर्मनन्सी' हा वेगळा मंत्र होता. त्यात मांत्रिकाचे अनुभवगुण खर्ची पडायचे. इथे खर्च रोजच्या रोज.

खेळातला एक दिवस सरला, की एक रेघ. तिसऱ्या पानावर 41 रेघांवर काट मारलेली दिसते. मांत्रिक कैदेत सापडला, दिवस चुकला. डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं सांगितलं, पुन्हा एकपासून. कुणी हुज्जत घातली नाही.

वर्तुळ पुरं झालं, की त्याची चिन्हं ठाऊक असलेला शत्रूही तिथं उतरू शकतो.

[212 वी रेघ. पेन पुढच्या जागेवर टेकतं.]