लागला का?

माझ्या या ट्रॅकवर आता जे ऐकू येतंय ना, ते गाणं अजून सुरू झालेलं नाय. आणि सांगून ठेवतो, होणारपण नाय.

ही आमच्या सरांची तानपुरा लावतानाची रेकॉर्डिंग. सांगलीत गावभागात त्यांचा क्लास, वरच्या खोलीत. एक पंचम, दोन जोड, एक खरज, तारा चारच, पण त्या लावायला सर वीस-वीस मिनिटं घ्यायचे आणि आम्ही पोरं मांडी बदलत बसायचो. कधी एकदा हे संपतंय आणि बंदिश सुरू होतेय असं व्हायचं. खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचा दोरा केसभर पुढं-मागं करायचा आणि थांबायचं. एका पॉइंटला तार एकदम उघडायची, ती जवारी. मग सर म्हणायचे, "गंधार ऐकू येतोय का?" आम्ही हो म्हणायचो. खोटं.

कारण गंधाराची तार तानपुऱ्याला नसतेच की. खरजाच्या, म्हणजे खालच्या सा च्या तारेतूनच तो आपोआप निघतो, मूळ कंपनाच्या पाचपट वरचा, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मला तो पहिल्यांदा नीट ऐकू आला तोपर्यंत सर गेले होते, आणि ऐकू आला तो पण लॅपटॉपवर.

झालं असं की क्लासमधला एक दोस्त सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करायचा. आम्ही सगळे सुरुवातीचा भाग कापून टाकायचो, त्यानं आळसानं ठेवलेला! अकरा मिनिटं नुसतं लावणं, मधे खालून काकूंचा आवाज, "लागला का? चहा टाकू?" ते मी सॉफ्टवेअरमध्ये घेतलं, बाकीचं सगळं दाबत गेलो आणि एवढा गंधार ठेवून लूप केला. मूळ लावणं आणि त्यावर हा लूप, ट्रॅकचा पाया एवढाच.

हे कायतरी फॉरेनचं खूळ आहे असं घरचे म्हणतात. पण हे खूळ आमच्याकडंच जुनं आहे राव. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी २२ श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बारीक बारीक सुरांवर, १९१० साली पुस्तक काढलेलं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, तिथंच दर्ग्यात त्यांची कबर आहे. त्याच घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० ला न्यूयॉर्कला गेले, तिथं ला माँट यंग आणि टेरी रायली हे अमेरिकन संगीतकार त्यांच्याकडं शिकायला बसले. तासन् तास एकच सूर धरून ठेवणारी ही माणसं, त्यांना प्रयोगशील म्हणतात आणि आम्हाला म्हणतात रिकामटेकडा.

मिरजेला तर तानपुरे बनवणाऱ्यांची गल्लीच आहे, २०२४ मध्ये तिथल्या सतार-तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या एका कारागिरानं मला घोडी घासताना रेकॉर्ड करू दिलं. कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, परत कानस. मी विचारलं किती वेळ लागतो, तर म्हणे, "कान सांगंल तवर."

दुसरा दोस्त हलगीवाला. मी म्हटलं ट्रॅकमध्ये वाजव, तर गड्यानं आधी कागद पेटवून हलगी शेकायला घेतली. शेकली की कातडं ताणतं, आवाज चढतो, मधे मधे एक थाप मारून बघायची. मी तेवढंच घेतलं, खरं वाजवायला लागल्यावर मशीन बंद केलं. अजून चिडलेला आहे माझ्यावर.

मिक्स झाल्यावर काकूंना ऐकवायला गेलो. हेडफोन लावून बसल्या, डोळे मिटून, अख्खी अकरा मिनिटं. हलगी आली तेव्हा कपाळावर आठी. स्वतःचा आवाज आला तेव्हा काय नाय. मग हेडफोन काढून म्हणाल्या, "दुसरी जोड जरा उतरलीय रे."

घरी येऊन बघितलं, खरंच उतरलेली. ठेवली तशीच.