पाहुण्यांना घर देताना: परवानगी, रात्री आणि कर

श्रोते हो, नमस्कार.

घरातली एखादी खोली, किंवा वर्षातले बरेच महिने कुलूपबंद असलेलं घर, सुट्टीवर आलेल्या पाहुण्यांना दोन-चार रात्रींसाठी भाड्याने द्यावं, असं आज जगभर कितीतरी जणांच्या मनात येतं. फोटो टाकले, भाडं लिहिलं की ॲपवर जाहिरात तयार. सुरुवात इतकी सोपी आहे म्हणूनच माणसं पुढे अडकतात. ॲपवर घर दिसू लागलं म्हणजे परवानगी मिळाली, असं नाही. नियम ठरवते ती बहुतेक वेळा तिथली नगरपालिका, आणि दर गावाचे नियम निराळे.

बऱ्याच शहरांत हा हिशेब रात्रींचा असतो. लंडनमध्ये अख्खं घर वर्षात 90 रात्रींपेक्षा जास्त असं द्यायचं तर नियोजन विभागाची परवानगी लागते. ॲमस्टरडॅमने ही मर्यादा 2019 मध्ये 60 रात्रींवरून 30 वर आणली. पॅरिसमध्ये राहतं घर वर्षाला 120 दिवस देता यायचं, 2025 पासून 90. जपानचा 2018 पासून लागू झालेला कायदा वर्षाला 180 दिवस देतो, पण तो स्थानिक प्रशासनाला नियम आणखी कडक करण्याची मुभाही देतो. क्योतोने ती वापरली: तिथल्या निवासी भागांत, काही अपवाद सोडले तर, साधारण मध्य जानेवारी ते मध्य मार्च एवढाच काळ मोकळा. म्हणजे ज्या दिवसांत पर्यटक कमी, नेमके तेच दिवस. देशाचा कायदा वाचून घर सजवायला घेतलेल्या माणसाचं गणित इथे पूर्ण कोलमडतं.

न्यूयॉर्क शहर तर याही पुढे गेलं. 5 सप्टेंबर 2023 पासून तिथे 30 दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी यजमानाने शहराकडे नोंदणी करायला हवी, पाहुणे असताना स्वतः त्याच घरात राहायला हवं, आणि पैसे देणारे पाहुणे दोनच. नोंदणी नसेल तर ॲपने ते बुकिंग घ्यायचंच नाही. बार्सिलोनाने 2024 मध्ये जाहीर केलं की 2028 च्या अखेरीपर्यंत पर्यटकांसाठीच्या सदनिकांचे सगळे परवाने संपू द्यायचे, सुमारे दहा हजार.

हे वाचून यजमानांना राग येतो, आणि प्रामाणिकपणे एक खोली देणाऱ्याचा राग मला समजतो. तरीही जिन्यातून रोज नवी माणसं बॅगा ओढत जातात, वरच्या मजल्यावर रात्री दोनला गाणी चालतात, आणि तिथेच वाढलेल्या मुलाला लग्नानंतर भाड्याने घर मिळत नाही, तेव्हा शेजाऱ्यांनी नगरपालिकेकडे जायचं नाही तर कुठे? रात्रींची मर्यादा त्यातून आली आहे, आणि मला ती रास्त वाटते.

नगरपालिकेने हो म्हटलं तरी काम संपत नाही. तुम्ही स्वतः भाडेकरू असाल तर मालकाची लेखी संमती हवी. इमारतीच्या संस्थेचे नियम, घरकर्जाच्या अटी, विमा, हे सगळं वेगवेगळं तपासावं लागतं. विम्याकडे तर कुणी बघतच नाही. साध्या घरविम्यात पैसे घेऊन ठेवलेल्या पाहुण्यामुळे झालेलं नुकसान बहुधा धरलेलं नसतं, आणि ते कळतं आग लागल्यावर.

आता कर. इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, कारण कर दोन आणि लोक धरतात एकच. पहिला तुमच्या कमाईवरचा, म्हणजे आयकर. दुसरा पाहुण्याच्या मुक्कामावरचा. कुठे त्याला पर्यटन कर म्हणतात, कुठे निवास कर. तो भरतो पाहुणा, तुम्ही फक्त गोळा करून नगरपालिकेकडे पोचवायचा. कंडक्टरच्या पिशवीतले पैसे जसे कंडक्टरचे नसतात, तसेच हेही तुमचे नाहीत. म्हणून माझा आग्रह आहे की हे पैसे पहिल्या बुकिंगपासून वेगळ्या खात्यात ठेवा. दर किरकोळ नसतात: सॅन फ्रान्सिस्कोत 14 टक्के, ॲमस्टरडॅममध्ये 2024 पासून 12.5 टक्के. ते घरखर्चात मिसळले, तर भरायच्या वेळी तुमच्याच कमाईतून काढावे लागतील.

एक कर माफ म्हणून दुसराही माफ, असं नसतं. अमेरिकेत तुम्ही स्वतः राहता ते घर वर्षात 15 दिवसांपेक्षा कमी भाड्याने दिलं, तर त्या भाड्यावर केंद्राचा आयकर लागत नाही. हे ऐकून लोक निर्धास्त होतात. पण मुक्कामावरचा स्थानिक कर त्या थोड्या रात्रींवरही लागू शकतो. आणि तो नेमका कशावर मोजायचा, हेही विचारून घ्या; कित्येक ठिकाणी साफसफाईचं शुल्क भाड्यातच धरून त्यावर कर लावतात.

“ॲप कर कापून घेतं ना?” असं विचारलं जातं. कापतं, काही ठिकाणी. कधी राज्याचा कापतं आणि शहराचा राहून जातो. ओळखीतून थेट आलेल्या पाहुण्याचा कर तर पूर्णपणे तुमच्यावर. ॲपच्या हिशेबपत्रात कोणता कर कुणाकडे भरला ते ओळीने बघा. युरोपीय संघाच्या 2024 च्या नियमानुसार 20 मे 2026 पासून या कंपन्यांनी मुक्कामांची माहिती सरकारी यंत्रणेला द्यायची आहे, तेव्हा न दाखवलेल्या रात्री लपून राहतील या भरवशावर राहू नका.

पाहुण्यांची नोंदवहीही ठेवा. इटलीत तर पाहुणा आल्यापासून 24 तासांत त्याची माहिती पोलिसांना कळवावी लागते.

नगरपालिकेत जाल तेव्हा पत्ता सांगूनच विचारा, कारण एकाच शहरात विभागानुसार नियम बदलतात, आणि उत्तर लेखी घ्या. पुढे कधी हे काम बंद केलंत, तर नुसती जाहिरात काढून भागत नाही. कराची नोंदणीही रद्द करा. अनेक ठिकाणी नोंदणी चालू असेपर्यंत एकही पाहुणा आला नाही तरी शून्याचं विवरणपत्र भरावं लागतं, आणि ते चुकलं तर दंड होऊ शकतो.

नमस्कार.