फ्रेटर उडवायचं असेल तर

फ्रेटर, म्हणजे मालवाहू विमान, उडवायची नोकरी कशी असते, पगार किती, असं तुम्ही मला, एका फ्रेटरच्या वैमानिकाला, विचारता. आधी मीच एक विचारतो. भर दुपारी, शेजारच्या घरात मिक्सर चालू असताना, तुम्हाला गाढ झोप लागते का? हसू नका. पगाराचं नंतर बघू. ही नोकरी झेपणार की नाही, ते इथं ठरतं.

दिवसभर गोळा झालेलं पार्सल दुसऱ्या सकाळी दारात हवं असतं, म्हणून माल रात्री उडतो. अमेरिकेत मेम्फिसला फेडेक्स या पार्सल कंपनीची विमानं रात्री उतरतात, माल वेगळा होतो, पहाटे ती परत निघतात. आपल्याकडं ब्लू डार्टची बोइंग ७५७ विमानंही रात्रीच धावतात. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर सर्वांत सुस्त असतं आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला लँडिंग करायचं असतं.

अमेरिकेनं २०११ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम केले आणि मालवाहतूक त्यातून वगळली. कारण दिलं, खर्चाच्या मानानं फायदा कमी. विमानात माणसंच दोन-तीन, मग फायदा कमीच दिसणार! मला या हिशेबाचा आजही संताप येतो. ऑगस्ट २०१३ मध्ये यूपीएस या अमेरिकी पार्सल कंपनीचं ए-३०० मालवाहू विमान अलाबामातल्या बर्मिंगहॅमला पहाटे धावपट्टीच्या अलीकडंच कोसळलं. दोघंही वैमानिक गेले. चौकशी अहवालात सहवैमानिक महिलेच्या थकव्याची नोंद आहे. पण बोट दाखवलं ते तिनं सुट्टीचा वेळ झोपेसाठी नीट वापरला नाही याकडं.

दुसरी गोष्ट मालाची. २०१० मध्ये दुबईजवळ यूपीएसच्या ७४७ मध्ये आग लागली. लिथियम बॅटऱ्या होत्या, दोघंही वाचले नाहीत. २०१६ पासून नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवता येत नाहीत. मग त्या कुठं येतात? आमच्या मागं. म्हणून कागदावर सही करण्याआधी मागं काय भरलंय ते वाचा. बांधणीही बघा. २०१३ मध्ये अफगाणिस्तानातल्या बगराममध्ये ७४७ मधली लष्करी वाहनं टेकऑफला सुटून मागं सरकली, सात जण गेले.

एवढं ऐकून पळू नका. माल कुरकुर करत नाही, उशिराबद्दल माफी मागत घोषणा करावी लागत नाही. शर्यतीचे घोडे असले तर वळण अलगद घ्यायचं, एवढंच. २०२० मध्ये प्रवासी विमानं उभी होती, तेव्हा फ्रेटरवाल्यांना उसंत नव्हती.

आपल्या देशात मात्र फ्रेटर मोजकीच, त्यामुळं जागाही मोजक्या. इथं नागपुरात २००९ मध्ये एअर डेक्कनवाल्या कॅप्टन गोपीनाथांनी डेक्कन ३६० या मालवाहतूक कंपनीचं केंद्र उभारलं. देशाचा मध्य, कल्पना उत्तम. कंपनी काही वर्षांतच बंद पडली. म्हणून रेटिंग, म्हणजे ठरावीक जातीचं विमान उडवायची परवानगी, निवडताना पुढचं बघा. ७३७ किंवा ए-३२० घेतलंत तर त्याच कुळातली विमानं माल आणि प्रवासी दोन्हीकडं आहेत. ७५७ वर मात्र इथं प्रवासी कंपनीचं दार उघडत नाही.