दोन मिनिटांचा स्कॅन, हजारो सायटेशन्स: भरत बिस्वाल यांचा १९९५ चा पेपर

नमस्कार मंडळी! आज भरत बिस्वाल यांच्याबद्दल बोलायचंय. भारतीय वंशाचे सायंटिस्ट, सध्या अमेरिकेत न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला प्रोफेसर आहेत आणि विषय ब्रेन कनेक्टिव्हिटी, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कुठल्या भागाशी जोडून काम करतो. आपल्याकडे हे नाव फार कुणाला माहीत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर १९९५. हे तेव्हा मिलवॉकीला, मेडिकल कॉलेज ऑफ विस्कॉन्सिनमध्ये. एफएमआरआय, म्हणजे मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते रक्तातल्या बदलांवरून दाखवणारा स्कॅन, नवीनच आलेलं, आणि पद्धत काय, तर माणसाला मशीनमध्ये झोपवायचं, बोटं हलवायला सांगायची, मेंदूत सिग्नल कुठे वाढतो ते बघायचं. माणूस नुसताच पडलाय तेव्हाचा सिग्नल पण वरखाली होतो, पण तो सगळे नॉइज म्हणून सोडून द्यायचे. बिस्वाल नेमके त्या नॉइजच्याच मागे लागले, हा येतो कुठून आणि काढायचा कसा.

[स्क्रीनवर: ५१२ × २५० मिलिसेकंद]

आता हे नीट बघा, कारण सगळी गंमत इथेच आहे. दर २५० मिलिसेकंदांना एक इमेज, अशा ५१२ इमेजेस, गुणाकार केला तर १२८ सेकंद, दोन मिनिटं आणि वर थोडं, बस! इतकं फास्ट कशाला? तर हृदयाचा ठोका सेकंदाला एक धरा, श्वास तीन-चार सेकंदांना एक, आणि तुम्ही इमेज दोन-दोन सेकंदांनी घेत असाल तर ठोक्याची लाट नीट पकडलीच जात नाही, ती हळू लाटेचं सोंग घेऊन डेटात घुसून बसते. फास्ट घेतलं की ठोका वेगळा दिसतो, श्वास वेगळा दिसतो. त्यानंतर जी एकदम हळू लाट उरली, एकेका हेलकाव्याला दहा सेकंदांहून जास्त घेणारी, ती हात हलवणाऱ्या डाव्या आणि उजव्या दोन्ही भागांत एकत्रच वरखाली होत होती. आणि माणूस बोटसुद्धा हलवत नव्हता!

लोकांनी लगेच डोक्यावर घेतलं का? छे. हे रक्ताचं नाहीतर श्वासाचंच काहीतरी असणार, अशी शंका बरीच वर्षं होती. मग २००१ मध्ये मार्कस राइकल यांच्या टीमने दाखवलं की मेंदूचे काही भाग माणूस आरामात असतानाच जास्त अ‍ॅक्टिव्ह असतात, डिफॉल्ट मोड म्हणतात त्याला, आणि २००३ मध्ये स्टॅनफर्डच्या ग्रुपने बिस्वाल यांच्यासारखीच पद्धत वापरून ते भाग एकमेकांशी जोडलेले दाखवले. तिथून हे फील्ड जे सुटलं ते सुटलंच. आज त्या एका पेपरची सायटेशन्स, म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या पेपरमध्ये त्याचा दिलेला संदर्भ, हजारोंच्या घरात आहेत.

आता एच-इंडेक्स, म्हणजे पेपर आणि सायटेशन्स मिळून सायंटिस्टचं काम मोजायचा एक आकडा. २००५ मध्ये हॉर्हे हर्श नावाच्या फिजिसिस्टने काढला. समजा एकाचे २० पेपर, प्रत्येकाला २० सायटेशन्स, तर त्याचा एच-इंडेक्स २०. आणि दुसऱ्याचा एकच पेपर, पण दहा हजार सायटेशन्सचा? त्याचा एच-इंडेक्स १! म्हणजे बिस्वाल यांचे बाकी बरेच पेपर आहेत, आकडा काही कमी येत नाही, पण ज्या पेपरने एक अख्खं फील्ड उभं केलं तो त्या आकड्यात फक्त एक म्हणून मोजला जातो, हे मला अजिबात पटत नाही. आणि आपल्याकडे इंटरव्ह्यूला बसलेल्या पोरांना पहिला प्रश्न हाच, तुझा एच-इंडेक्स किती. अरे, पेपर उघडून वाचा ना आधी!

बरं, दुसरं काम तर मला याहून मोठं वाटतं. २०१० चा पीएनएएस या अमेरिकन सायन्स जर्नलमधला पेपर. जगभरातल्या ३५ सेंटर्सनी आपापले आरामातले स्कॅन्स एकत्र केले, १४१४ माणसांचे, आणि सगळा डेटा फुकट खुला करून टाकला. १००० फंक्शनल कनेक्टोम्स प्रोजेक्ट, कनेक्टोम म्हणजे मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा. तेव्हा लॅबवाले आपला डेटा जिवापाड जपायचे, कुणाला दाखवायचे पण नाहीत. आणि इथे ज्याच्याकडे स्वतःचं स्कॅनर नाही, फक्त एक बरा कॉम्प्युटर आहे, असा कुठल्याही गावातला स्टुडंट या विषयावर काम करू शकतो! ही किंमत कुठल्या इंडेक्समध्ये धरणार सांगा.

एक काम करा, गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या रिसर्च पेपर शोधायच्या साइटवर, हा १९९५ चा पेपर शोधा, त्याला साइट करणारे पेपर उघडा आणि त्यातले पाच-सहा तरी वाचा, कुणी पद्धत वापरलीय, कुणी शंका घेतलीय, कुणी नुसतं पहिल्या पॅराग्राफमध्ये नाव टाकून पुढे गेलंय, आकड्यात हे सगळे सारखेच मोजले जातात.

पुढच्या व्हिडिओत २०१२ चं प्रकरण घेऊ, स्कॅनच्या वेळी डोकं जरासं हललं तरी खोटी कनेक्टिव्हिटी कशी दिसते ते. मेडिकलचं किंवा इंजिनिअरिंगचं कुणी बघत असेल तर प्रश्न आत्ताच कमेंटमध्ये टाका, मी ते घेऊनच बसतो.