आईच्या मापाचा आरसा

श्रोतेहो, नमस्कार.

आरशासमोर आपण रोज उभे राहतो, पण त्याच्याबद्दलचा आपला अंदाज हमखास चुकतो. आमच्या घरीही चुकला.

आमचं साताऱ्याचं घर दोन खोल्यांचं. मावशीच्या लग्नाआधी बाबांनी अडीच फुटांचा आरसा आणून भिंतीला सपाट ठोकला, खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर. आई नवी साडी नेसून समोर उभी राहिली. पदर दिसला, कंबर दिसली, निऱ्या मात्र गुडघ्याच्या जरा खाली कापलेल्या.

बाबा म्हणाले, "अगं, जरा मागं सर."

आई मागं सरली. निऱ्या तिथंच कापलेल्या. आणखी मागं, उंबऱ्यापर्यंत. तरी तिथंच. शेवटी ती उंबरा ओलांडून ओटीवर गेली आणि तिथून म्हणाली, "अहो, काही फरक नाही!"

मोरीचं दार दुरुस्त करायला सुतारमामा आले होते. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही नका हलू, आरसा हलवू." कानावरची पेन्सिल काढून त्यांनी खूण केली आणि आरसा आठ इंच खाली घेतला. आठ इंच आरसा उतरला, सोळा इंच साडी दिसली! पाच फुटांची आई, अडीच फुटांचा आरसा, आणि डोक्यापासून जोडव्यांपर्यंत सगळी आई त्यात.

कारण एवढंच. पावलाकडून निघालेला प्रकाश पाऊल आणि डोळा यांच्या बरोबर मधल्या उंचीवर आरशाला लागून डोळ्यात येतो. मागं गेलात तरी ती मधली उंची बदलत नाही. पुन्हा सांगतो, मागं सरून काही होत नाही. प्रकाशाचा धडा फळ्यावर शिकवतात, हे मला कधीच पटलेलं नाही. प्रत्येक वर्गात एक आरसा हवाच.

आंघोळीनंतर वाफ धरलेल्या आरशावर आपल्या चेहऱ्याची कड बोटानं गिरवा आणि मोजा. खऱ्या चेहऱ्याच्या निम्मी भरेल, जवळून आणि लांबूनही निम्मीच. कलेचे इतिहासकार गोंब्रिख यांनी १९६० साली हे लिहिलं. पुढं लिव्हरपूलचे मानसशास्त्रज्ञ मार्को बर्तामिनी यांनी लोकांना विचारून पाहिलं, तर बहुतेकांना ती कड चेहऱ्याएवढीच वाटत होती.

साताऱ्याचा आरसा अजून त्याच खिळ्यावर आहे. मी पाच फूट आठ इंच. त्यात मला माझी पावलं स्वच्छ दिसतात, भांग पाडायला मात्र वाकावं लागतं. तो खिळा मी हलवणार नाही.

नमस्कार.